शेवटचा रकाना कोरा सोडणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दीर्घकालीन गुंतवणुकीच्या प्रस्तावांना मंजुरी देणारे समिती-सदस्य, संचालक आणि वित्त अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

आपली-माझी भेट होत नाही. आपण दोघेही एकच फाइल उघडतो, पण मध्ये तीस-चाळीस वर्षे गेलेली असतात. आपण ती उघडता तेव्हा तिच्यात नवा कारखाना असतो, वीजकेंद्र असते, खाण असते, समुद्रातला तेलाचा फलाट असतो. माझ्या हाती ती येते तेव्हा त्यातले बहुतेक सगळे गंजलेले, गळके आणि कुणालाच नकोसे झालेले असते. माझे काम बंद करण्याचे. चालती वास्तू थांबवायची, रिकामी करायची, धुवायची, उतरवायची आणि जमीन पुन्हा वापरण्याजोगी करून द्यायची.

फाइल मिळाली की मी आधी शेवटचे पान उलटतो. तिथे बहुधा एकच आकडा सापडतो, भंगार किंमत. मूळ खर्चाचे काही ठरावीक टक्के, आणि अधिक चिन्ह. वास्तू मोडली की लोखंड-तांबे विकून चार पैसे येतील, एवढाच त्या पानाचा हिशेब. लिहिणारा खोटे बोलत नसतो, कारण छापील तक्त्यात दुसरा रकानाच नसतो. एका कामावर जुना प्रस्ताव चाळताना त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलेला ‘विल्हेवाट?’ हा शब्द दिसला होता. प्रश्नचिन्हासकट, आणि खोडलेला. कोणी लिहिला आणि कोणी खोडला, हे सांगणारे तिथे कोणीच उरले नव्हते. हे पत्र त्या खोडलेल्या शब्दाबद्दल आहे.

मधल्या वर्षांचा खर्च आता बरेच जण मोजतात, हे मान्य करतो. अहोरात्र चालणारी विजेची मोटर काही महिन्यांतच स्वतःच्या किमतीइतकी वीज खाते, हे खरेदी विभागातल्या नवख्यालाही ठाऊक असते. सर्वांत कमी दराची निविदा सर्वांत स्वस्त नसते, हेही आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. इमारतींच्या आयुर्मान-खर्चासाठी आयएसओ 15686-5 हे आंतरराष्ट्रीय मानक 2008 पासून आहे, 2017 मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. बांधणे, चालवणे, सांभाळणे आणि शेवट, हे चारही टप्पे त्यात आहेत. प्रत्यक्ष तक्त्यांमध्ये मात्र पहिल्या तिघांपाशी हिशेब संपतो, आणि चौथ्यासाठी ‘इतर’ नावाची ओळ पुरते.

चौथ्यात काय काय येते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘पाडकामाचा खर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक क्रेन आणि चार ट्रक येत असावेत. पाडकाम ही सर्वांत सोपी गोष्ट. त्याआधी आत काय आहे ते शोधावे लागते. मूळ नकाशे मिळत नाहीत. मिळाले तर ते बांधण्याआधीचे असतात. नंतर कोणती नळी वळवली, कोणता खड्डा बुजवला, कोणती टाकी भिंतीआड गेली याची नोंद नसते. ज्यांना माहीत होते ते निवृत्त झालेले असतात, काही गेलेलेही असतात. मग तपासणी, नमुने, प्रयोगशाळेचे अहवाल, परवाने. वीज, वाफ, वायू एकेक करून तोडणे. टाक्यांच्या तळाचा गाळ. छतातले आणि नळ्यांभोवतीचे ॲसबेस्टॉस, जे लावले तेव्हा स्वस्त आणि अग्निरोधक म्हणून वाखाणले गेले होते आणि आज काढायला खास प्रशिक्षित माणसे, बंदिस्त तंबू आणि वेगळी पुरण्याची जागा लागते. कामगारांची देणी. जमिनीत झिरपलेल्या तेलाचा माग. आणि सगळे उतरवून झाल्यावरही पुढची कित्येक वर्षे भूजलाचे नमुने घेत राहणे.

यातही सर्वाधिक दुर्लक्षित खर्च म्हणजे काहीच न करण्याचा. बंद पडलेली वास्तू खायला काळ अन् भुईला भार असते. पहारेकरी लागतो, तळघरातले पाणी उपसायला पंप लागतो, विमा लागतो, छप्पर गळले तर दुरुस्ती लागते, कारण आत अजून घातक माल आहे. उत्पन्न शून्य. उतरवायला पैसे नाहीत म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो, आणि भिजत पडलेल्या घोंगड्याचे वजन दरवर्षी वाढत जाते. मी असे एक ठिकाण पाहिले आहे जिथे नुसत्या राखणीवर इतकी वर्षे खर्च झाला होता की त्यात ते दोनदा उतरवून झाले असते. मंजुरीच्या तक्त्यात राखणीची ओळ अर्थातच नव्हती.

आता ज्या यंत्रात हा खर्च गुप्त होतो, त्या डिस्काउंट रेटकडे वळतो, म्हणजे पुढच्या काळातल्या पैशांची आजची किंमत काढताना त्यांना दरवर्षी ज्या दराने लहान करत आणतात तो दर. समजा, एखादी वास्तू उतरवायला आजच्या भावाने 100 एकक लागतात आणि ती 40 वर्षांनी उतरवायची आहे. दर धरला 10 टक्के. गणित सांगते, या खर्चाची आजची किंमत 2.2 एकक. एवढ्या रकमेवर बैठकीत कोण वेळ घालवणार? पण इथे एक गल्लत झालेली असते. तो 10 टक्क्यांचा दर महागाई धरून काढलेला असतो आणि 100 हा आकडा मात्र आजच्या भावातला. उतरवण्याचा खर्च वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढला, तरी 40 वर्षांनी तो 480 होतो आणि त्याची आजची किंमत 10.6 येते. एका गफलतीत जवळजवळ पाचपट फरक. ही चूक मी एकाहून अधिक फाइलींत पाहिली आहे, आणि दर वेळी ती प्रकल्पाच्या बाजूनेच झालेली होती.

गल्लत सुधारली तरी दराचा प्रश्न उरतोच. महागाई वगळून 3 टक्के धरला तर त्याच 100 एककांची आजची किंमत 30 च्या पुढे जाते. ब्रिटनच्या अर्थखात्याचे ‘ग्रीन बुक’ सार्वजनिक प्रकल्पांसाठी महागाई वगळून 3.5 टक्के दर सांगते आणि 30 वर्षांनंतर तो उतरवत नेते, कारण फार दूरच्या काळाबद्दल आपली खात्री कमी होत जाते. खासगी समित्यांमध्ये याच्या नेमके उलटे घडते. धोका जास्त म्हणून दर चढा, असा नियम असतो. येणाऱ्या पैशांपुरता तो शहाणपणाचा आहे: उत्पन्नाची खात्री नसेल तर त्याला कमी भाव द्यावा. पण तोच चढा दर जाणाऱ्या पैशांना लावला की शहाणपण उलटते. विल्हेवाटीबद्दल जितकी अनिश्चितता अधिक, तितका तिचा खर्च कागदावर लहान दिसतो. विषारी गाळाचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नसले, तर तो गाळ जवळपास फुकट! उत्पन्न आणि शेवटचा खर्च यांना एकच दर लावू नका, एवढे एक वाक्य आपल्या नियमावलीत आले तरी माझ्यासारख्यांचे अर्धे काम हलके होईल.

परताव्याच्या दराचेही असेच. आयआरआर, म्हणजे ज्या दराने प्रकल्पाचे आले-गेले पैसे आजच्या किमतीत बरोबरीत सुटतात तो दर, बघून निर्णय घेणाऱ्यांनी हे तीन आकडे एकदा मांडून पाहावेत: आज 100 गुंतवले, वर्षाने 230 आले, दुसऱ्या वर्षी आवराआवर करायला 132 गेले. परताव्याचा दर किती? 10 टक्के, हे उत्तर बरोबर आहे. 20 टक्के, हेही बरोबर आहे. 5 टक्के दराने पाहिले तर मात्र प्रकल्प तोट्यात. शेवटी मोठा खर्च असला की हे सूत्र एकच उत्तर देईल याची हमी नसते. संगणकावरचा तक्ता दोन उत्तरांपैकी एक निवडून दाखवतो आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

पण गणितापेक्षा मला जास्त सलतो तो साधा प्रश्न. 40 वर्षांनंतरच्या खर्चाची आजची किंमत 2.2 म्हणा किंवा 10.6 म्हणा, या आकड्याचा अर्थ असा की आज तेवढे पैसे बाजूला ठेवले आणि ते त्या दराने वाढत राहिले, तर शेवटी पुरतील. मग ते ठेवले कुठे?

इथे आपल्या भाषेतला एक शब्द घात करतो. घरात ‘मुलीच्या शिक्षणाची तरतूद केली आहे’ म्हटले की पैसे ठेवलेले असतात. ताळेबंदातली तरतूद तशी नसते. आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस 16 सांगते की मालमत्तेच्या किमतीत ती उतरवण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा अंदाजित खर्चही धरावा. आयएएस 37 सांगते की त्या बंधनाची तरतूद दाखवावी. नियम चांगले आहेत. लेखापरीक्षक ते बघतातही. तरतुदीचा आकडा दरवर्षी व्याजासारखा फुगत जातो, अहवालाच्या मागच्या पानावर टीप येते, सगळे यथासांग होते. फक्त पैसे तिथे नसतात. त्या नोंदीपोटी एक छदामही वेगळ्या खात्यात टाकावा, अशी या मानकांची अट नाही. नफा वाटला जातो, नवे प्रकल्प उभे राहतात, आणि माझी पाळी येते तेव्हा ताळेबंदात भरभक्कम तरतूद आणि बँकेत खडखडाट. ज्या व्यवस्थापकाने मला पहिल्यांदा हा फरक समजावून सांगितला, त्या बिचाऱ्याला स्वतःलाच तिथे रुजू होऊन आठ महिने झाले होते.

दुसरी पद्धत जगात आहे. फिनलंडमध्ये अणुकचऱ्याच्या खर्चासाठी 1988 पासून सरकारी निधी आहे. वीज तयार करणाऱ्या कंपन्यांना ती तयार होत असतानाच त्यात पैसे भरावे लागतात. म्हणजे मालमत्ता कमावती असताना, तिच्याच कमाईतून, तिच्या शेवटाचे पैसे मालकाच्या हातातून बाहेर जातात. मालक उद्या बदलला, बुडाला, विकला गेला, तरी निधी जागेवर.

तारण घेण्याची पद्धतही आहे, पण ती नीट चालवली नाही तर नुसते सोंग ठरते. अमेरिकेत सरकारी जमिनीवर तेल-वायूच्या विहिरी खोदणाऱ्यांकडून विहीर बंद करण्याच्या हमीपोटी एका भाडेपट्ट्याला किमान 10,000 डॉलर तारण घेत. हा आकडा 1960 मध्ये ठरला. तो बदलला 2024 मध्ये, थेट 1,50,000 डॉलरवर. मधली 64 वर्षे महागाई तारणाच्या भोवती फिरत राहिली आणि तारण जागचे हलले नाही. याला वरातीमागून घोडे म्हणायचे. तारण लिहून घेताना ते कोणत्या निर्देशांकाबरोबर वाढेल, हे त्याच ओळीत लिहिलेले नसेल तर ते तारण नव्हे.

मालक बुडाल्यावर काय होते, त्याचा एक निकाल वित्त अधिकाऱ्यांनी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनीही मुळातून वाचावा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातली रेडवॉटर एनर्जी ही तेलकंपनी 2015 मध्ये दिवाळखोर झाली. तिच्या चालू विहिरी विकून कर्ज फेडायचे आणि ज्या विहिरी बंद करायला पैसे लागतील त्या सोडून द्यायच्या, असा बेत होता. भाकरी धनकोंना, करपलेला तवा सरकारला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो मोडून काढला: विहिरी सुरक्षितपणे बंद करण्याचे बंधन दिवाळखोरीने संपत नाही, आणि धनकोंना पैसे वाटण्याआधी ते पुरे करावे लागते. तेव्हापासून तिथल्या कर्जदात्यांनाही विहिरीच्या शेवटाकडे पाहून कर्ज द्यावे लागते.

आता ज्यांना वाटते की ही सगळी हिशेबनीसांची बाब आहे, त्यांच्यासाठी दोन ठिकाणे सांगतो. इंग्लंडमधल्या सेलाफिल्डच्या अणुसंकुलात 1960 च्या दशकात एक कोठार बांधले गेले. अणुइंधनावरून सोललेल्या धातूच्या कवचांचा चुरा वरून त्यातल्या पाण्यात सोडत. आत टाकायची सोय होती. बाहेर कसे काढायचे, याचा विचार आराखड्यात नव्हता. तो कचरा बाहेर काढायला 2022 मध्ये सुरुवात झाली, त्यासाठी खास बनवलेली अजस्र यंत्रे कोठाराच्या माथ्यावर बसवून. संपूर्ण संकुल आवरायचा अंदाज ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2024 च्या अहवालात 136 अब्ज पौंड असा आहे आणि काम 2125 पर्यंत चालेल, असे धरले आहे. त्या कोठाराचा नकाशा मंजूर करताना ‘हे रिकामे कसे होणार?’ एवढा एक प्रश्न विचारायला किती खर्च आला असता?

दुसरे ठिकाण कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफ शहराजवळची जायंट सोन्याची खाण. 1948 ते 2004 अशी ती चालली. तिथले सोने आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेले होते, म्हणून खनिज भाजून सोने मोकळे करत, आणि त्यातून निघणारी आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पूड जमिनीखालच्या दालनांत साठवत. अशी 2 लाख 37 हजार टन पूड खाली आहे. ती पाण्यात विरघळते. मालक कंपनी 1999 मध्ये दिवाळखोर झाली आणि जबाबदारी सरकारवर आली. उपाय ठरला तो असा की आसपासचा खडक गोठवून ती पूड तिथेच अडकवून ठेवायची. किती वर्षे? त्याला शेवट ठरलेला नाही. खाणीचे आयुष्य 56 वर्षांचे. ‘संपूर्ण आयुष्याचा खर्च’ काढताना अशा ठिकाणी कुणाचे आयुष्य मोजायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, चाळीस वर्षांनी तंत्रज्ञान स्वस्त होईल, आजचा अंदाज काय कामाचा? काही बाबतीत होईलही. पण दुसऱ्या बाजूलाही काटा फिरतो. ब्रेंट स्पार हा उत्तर समुद्रातला तेल साठवणारा तरंगता बुरूज 1976 मध्ये कामाला लागला. 1995 मध्ये तो खोल समुद्रात बुडवायची सरकारी परवानगी मालक शेल कंपनीला मिळालीही होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते त्यावर चढून बसले, जर्मनीत शेलच्या पंपांवर बहिष्कार पडला आणि कंपनीने जूनमध्ये बेत सोडला. बुरुजात उरलेल्या तेलाचा ग्रीनपीसचा अंदाज फार चुकला होता, त्याबद्दल त्यांनी पुढे माफीही मागितली. पण निर्णय फिरला तो फिरलाच. बुरूज नॉर्वेत नेऊन कापला आणि त्याचे तुकडे धक्क्याच्या पायात घातले. 1998 मध्ये ईशान्य अटलांटिक समुद्राच्या रक्षणासाठी झालेल्या ओस्पार कराराच्या देशांनी असे फलाट समुद्रात टाकायला मोजके अपवाद ठेवून बंदीच घातली. जो मार्ग बांधताना कायदेशीर आणि सर्वांत स्वस्त असतो, तो उतरवताना खुला असेलच असे नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांबाबत हेच चालू आहे: मनोऱ्याचे पोलाद सहज विकले जाते, पण काचतंतू आणि रेझिनची ती लांबलचक पाती वितळतही नाहीत आणि कुजतही नाहीत. काही देशांनी ती पुरायला बंदी घातली आहे.

म्हणून मी आपल्याकडे बिनचूक आकडा मागत नाही. दशांशापर्यंत काढलेला चाळीस वर्षांनंतरचा खर्च पाहिला की उलट मला संशय येतो. आयुर्मान-खर्चाचा दुरुपयोगही मी पाहिला आहे: महागडे यंत्र गळ्यात मारायचे असले की त्याचे आयुष्य वीसऐवजी तीस वर्षे धरायचे, मग ते सर्वांत स्वस्त ठरते. पल्ला द्या. कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका, आणि मोठा आकडा कशामुळे मोठा आहे तेही लिहा. दर पाच वर्षांनी तो पल्ला पुन्हा तपासा. बहुतेक मालमत्तांच्या बाबतीत तो छोटाच निघेल, आणि मग पुढे जायला कुणाची हरकत नाही. ज्यांच्या बाबतीत तो मोठा निघेल, त्यांच्याबद्दल पहिल्याच बैठकीत बोलणे भाग पडेल, आणि माझा सगळा आग्रह त्या पहिल्या बैठकीसाठी आहे. काँक्रीट ओतण्याआधी जोडांना वेल्डिंगऐवजी बोल्ट लावायला, टाकीला तळाशी दार ठेवायला, घातक माल एकाच खोलीत ठेवायला फारसा पैसा लागत नाही. ओतल्यानंतर लागतो.

तक्त्यातला रकाना बदलून द्या. भंगार किंमत या ओळीला वजा चिन्हही घेता येऊ द्या. उत्पन्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात जाऊ द्या, ज्यावर आपली किंवा आपल्या नंतर येणाऱ्यांची सही चालणार नाही. प्रकल्प विकला तर ते खातेही त्याच्याबरोबर जाऊ द्या. आणि वरिष्ठांचे बक्षीस वर्षाच्या नफ्यावर ठरत असेल, तर त्या नफ्यातून हा वाटा आधी वजा होऊ द्या. नाहीतर ‘आप मेला, जग बुडाले’ हेच त्या बैठकीचे इतिवृत्त असते, भाषा कितीही सभ्य असली तरी.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. प्रत्यक्ष जसे बांधले तसे नकाशे, बदलांच्या तारखांसह, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि ती ठिकाणे फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. सोबत एक ओळ असू द्या: टाक्यांच्या तळाशी काय आहे. ज्या पेन्सिलवाल्याने तो शब्द लिहिला होता, त्याला बहुधा तेच विचारायचे होते.

कळावे,

आपला,
फाइल शेवटी उघडणारा एक अभियंता